पुलाचे पहिले ओझे

नदी माणसाला पाणी देते, शेतीला ओलावा देते. परंतु तीच नदी दोन गावांना एकमेकांपासून दूरही ठेवते. पलीकडच्या तीरावरील घरे डोळ्यांना दिसावीत आणि पावसाळ्यात मात्र तेथे पाऊल टाकता येऊ नये, अशी स्थिती पूल नसला म्हणजे होते. ही अडचण दूर करण्यासाठी मनुष्य फार प्राचीन काळापासून पूल बांधीत आला आहे. कोकणात ओढ्यावर माडाचे किंवा पोफळीचे खोड आडवे टाकून साकव करतात. मेघालयातील खासी लोक वडाच्या कुळातील एका वृक्षाची जिवंत मुळे वर्षानुवर्षे वळवून त्यांचे पूल घडवितात. लहानसा साकव असो की सागरावरील प्रचंड सेतू असो, प्रत्येकापुढे प्रश्न एकच असतो : वरचे ओझे खालच्या जमिनीपर्यंत सुखरूप कसे पोहोचवावे?

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मोठी साधने लागत नाहीत. एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर जवळजवळ उभ्या रेघा ओढा आणि दोन्ही टोके धरून मधला भाग खाली झुकेल असा तो वाकवा. वरच्या अंगास रेघा एकमेकींजवळ येतात व खालच्या अंगास त्या दूर सरकतात, असे तुम्हांस दिसेल. याचा अर्थ असा की, वरचा भाग दाबला जात आहे आणि खालचा भाग ताणला जात आहे. दाब आणि ताण! पुलांचे सारे शास्त्र या दोन शब्दांभोवती फिरते.

सर्वांत साधा पूल म्हणजे तुळईचा पूल. दोन खांबांवर एक तुळई आडवी ठेवली की तो झाला. पण तुळई कशाची करावी, हा विचार करावा लागतो. दगड दाब उत्तम सहन करतो, परंतु ताण पडताच तडकतो. काँक्रीटचा स्वभावही तसाच आहे. म्हणून काँक्रीटच्या तुळईत जेथे ताण पडतो तेथे, म्हणजे मधल्या भागात खालच्या अंगास, पोलादी सळया घालतात. दाब काँक्रीट सोसते, ताण पोलाद सोसते आणि दोघे मिळून रस्ता उचलून धरतात.

आता दुसरा प्रयोग करा. दोन पुस्तके वीतभर अंतरावर ठेवून त्यांवर एक कागद आडवा ठेवा. एखादे नाणे ठेवताच तो खाली झुकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घालून तो पुन्हा तसाच ठेवा. आता तो अनेक नाणी सहज पेलील. कागद तोच, त्याचे वजनही तेच. बदलली ती केवळ रचना. योग्य रचनेने थोड्या सामग्रीतही मोठे बळ येते, हे स्थापत्यशास्त्राचे एक मोठे तत्त्व आहे.

दगडाला ताण सोसत नाही, मग जुन्या काळी दगडाचे पूल कसे बांधीत? त्यावर कारागिरांनी कमान हा उपाय शोधला. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो. वरचे ओझे असे दगडादगडांतून उतरत दोन्ही बाजूंच्या पायांपर्यंत जाते. त्यामुळे दगडाच्या वाट्याला मुख्यतः दाबच येतो. मात्र कमान आपले पाय बाहेरच्या बाजूस लोटीत असते. म्हणून तिला दोन्ही काठांवर भक्कम आधार लागतो. पुढे लोखंडाच्याही कमानी झाल्या. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर १७७९ साली उभारलेला लोखंडी कमानीचा पूल प्रसिद्ध आहे.

झुलत्या पुलाची रीत याच्या उलट. त्यात रस्ता जाड दोरखंडांना टांगलेला असतो. हे दोरखंड उंच मनोऱ्यांवरून जातात व त्यांची टोके दोन्ही काठांवर जमिनीत घट्ट जखडलेली असतात. येथे दोरखंडांना केवळ ताण सोसावा लागतो. न्यूयॉर्कचा १८८३ साली खुला झालेला ब्रुकलिनचा पूल या जातीचा आहे. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरील उंच मनोरे व तिरप्या तारा पुष्कळांनी पाहिल्या असतील. २००९ साली खुल्या झालेल्या त्या सेतूत तारा मनोऱ्यापासून सरळ रस्त्यापर्यंत येतात. म्हणून तो झुलत्या पुलाचा जवळचा आप्त असला तरी त्याची जात निराळी आहे.

आणखी एक प्रकार आहे, त्याला कॅन्टिलिव्हर पूल म्हणतात. घराच्या भिंतीतून बाहेर आलेला सज्जा आठवा. त्याचे एक टोक भिंतीत पक्के असते व दुसरे अधांतरी असते. नदीच्या दोन्ही अंगांच्या खांबांवरून असेच दोन प्रचंड बाहू पुढे काढावयाचे आणि त्यांच्या टोकांवर मधला भाग ठेवावयाचा, अशी ही योजना. कोलकात्याचा हावडा पूल असाच आहे. १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाचा मधला गाळा सुमारे ४५७ मीटर लांबीचा आहे.

येथे कोणी विचारील, “पूल हवा तेवढा लांब का करता येत नाही?” याचे कारण असे की, पुलाचे पहिले ओझे तो स्वतःच असतो! गाड्या व माणसे मागाहून येतात. पण स्वतःचे वजन त्याला रात्रंदिवस वाहावे लागते. एखाद्या तुळईची लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही दुप्पट केली, तर तिचे वजन आठपट होते, परंतु तिच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते. म्हणजे बळापेक्षा ओझे अधिक वेगाने वाढते. गॅलिलिओ या थोर शास्त्रज्ञाने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गोष्टीची चर्चा केली आहे. हे साधे सत्य दृष्टीआड झाले तर काय घडते, हे कॅनडातील क्वेबेकच्या पुलाने जगाला शिकविले.

सेंट लॉरेन्स नदीवर तेथे रेल्वेसाठी कॅन्टिलिव्हर पूल बांधावयाचा होता. त्याचा मधला गाळा प्रथम १६०० फुटांचा ठरला होता. खांब उथळ पाण्यात, काठाच्या जवळ यावेत म्हणून तो वाढवून १८०० फूट, म्हणजे सुमारे ५४९ मीटर, करण्यात आला. गाळा वाढला, तसे पुलाचे वजनही वाढणारच होते. परंतु वजनाचा आधीचा अंदाज वेळीच नव्याने तपासला गेला नाही. ही उणीव ध्यानात आली तेव्हा पोलादाचा बराच भाग तयार होऊन गेला होता. थिओडोर कूपर हे नामांकित अभियंते या कामाचे सल्लागार होते. वाढलेला भार पूल सोसू शकेल, असा निर्णय त्यांनी दिला व काम पुढे चालू राहिले.

१९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यात खालच्या अंगाचे, दाब सोसणारे काही पोलादी भाग वाकलेले दिसू लागले. नॉर्मन मॅक्लूर या तरुण अभियंत्याने त्यांची मापे घेतली आणि तो ती घेऊन कूपर यांना भेटण्यास न्यूयॉर्कला गेला. मापे पाहताच कूपर यांनी पुलावर आणखी भार चढवू नये अशी तार केली. पण ती पूल बांधणाऱ्या कंपनीच्या दूरच्या कचेरीत गेली. पुलावरील काम थांबले नाही. २९ ऑगस्टच्या सायंकाळी, दिवसाचे काम संपण्याच्या सुमारास, बांधलेला सारा भाग नदीत कोसळला. पंचाहत्तर कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी पुलावर गाड्यांची रहदारी सुरूही झालेली नव्हती. त्याला मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच ओझ्याने खाली ओढले होते.

पुढे नवा आराखडा तयार झाला. १९१६ साली मधला भाग वर उचलताना तो पडला आणि आणखी तेरा जण दगावले. तरीही कामगारांनी व अभियंत्यांनी धीर सोडला नाही. १९१७ साली पूल पुरा झाला. कॅन्टिलिव्हर पुलांमध्ये त्याचा गाळा आजही जगात सर्वांत लांब आहे.

पूल उभा राहिला म्हणजे काळजी संपली, असेही नाही. महाडजवळ सावित्री नदीवर ब्रिटिश राजवटीतील जुना दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला. दोन एस. टी. गाड्या नदीत वाहून गेल्या आणि त्यांतील प्रवाशांना प्राणास मुकावे लागले. पुराचे पाणी पुलाला धडका देते व पायाजवळची माती खरवडून नेते. म्हणून जुन्या पुलांची वेळोवेळी तपासणी करावी लागते.

पुलावरून जाणारा वाटसरू खालच्या खांबांकडे क्वचितच पाहतो. तो निश्चिंत मनाने पाऊल टाकतो. कारण कोणीतरी आपल्यासाठी गणित बरोबर केले असेल, असा त्याचा विश्वास असतो. गणितातील एक चूक वहीत असली तर लाल रेघेने दुरुस्त होते; पुलात राहिली तर तिची किंमत माणसांना मोजावी लागते. म्हणून उत्तर आले तरी ते पुन्हा पडताळून पाहावे आणि काही वाकडे दिसले तर ते वेळीच सांगावे. ज्याला असे सांगितले जाते, त्यानेही थांबून ऐकावे. पूल पोलादाने उभे राहतात, तितकेच ते या सावधपणानेही उभे राहतात.

स्वाध्याय

१. खोडरबराच्या प्रयोगावरून तुम्हांस कोणती गोष्ट समजली?
२. काँक्रीटच्या तुळईत पोलादी सळया का घालतात?
३. कमानी पूल व झुलता पूल यांतील फरक सांगा.
४. ‘पुलाचे पहिले ओझे तो स्वतःच असतो’, हे विधान क्वेबेकच्या पुलाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या गावाजवळचा एखादा पूल पाहा. तो कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखून त्याचे चित्र काढा.