पाणी जातं कुठं ते आधी शोध

वाई

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन आणला, तरी गाडी तापतेच. आता काय बदलू?’ गिऱ्हाईक तुझ्या शेजारीच उभं होतं, त्यामुळे मोकळेपणी बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. ओंकार, आता काहीही बदलू नकोस. कूलंटच्या बाटलीतलं पाणी दर आठवड्याला कमी होतं असं तू म्हणालास. मग ते जातं कुठं, एवढंच शोध. ते सापडेपर्यंत गिऱ्हाइकाकडून एका पार्टचेही पैसे घ्यायचे नाहीत.

सुरुवात बॉनेट उघडून करू नकोस. गाडी चालवणाऱ्याला बसव, चहा दे आणि विचार: काटा वर जातो कधी? गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवते, असं असेल तर फॅनकडे बघ. त्याचा फ्यूज, रिले, वायरिंग, आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधे बसलेला धुळीचा थर. हायवेला वेगात तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून बसल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, नाहीतर खालचा होज पाईप ओढीने आत चपटा होत असेल. आमच्या पसरणी घाटात मे महिन्यात या दोन्हींची परीक्षा एकदम होते. पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग, पहिला-दुसरा गिअर, इंजिनावर पूर्ण भार आणि समोरून वारा नाही.

काट्यावर फार विसंबू नकोस. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि पाणी फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो, मग इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. ‘आपोआप थंड झाली’ असं गिऱ्हाईक म्हणालं, तर तिथेच कान टवकार. स्कॅनर लावून आकडा बघ. शिवाय हीटर चालू कर. इंजिन तापलंय आणि हीटरमधून गार हवा येतेय, याचा अर्थ बहुतेक वेळा पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

आता गळतीचं. खाली थेंब दिसला नाही म्हणजे गळती नाही, हे डोक्यातून काढ. सिस्टिममध्ये कूलंट दाबाखाली असतं. महाबळेश्वरला साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तरी तिथे धडधाकट गाडी तापत नाही. कारण कॅप एक बारच्या आसपास दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की हा सगळा हिशेब कोसळतो. बाहेर काहीच दिसत नाही आणि पाणी वाफेच्या रूपानं बाटलीतून निघून जातं. बारीक भेगेतून आलेला थेंबही गरम लोखंडावर पडतो आणि जमिनीवर पोचायच्या आत सुकतो. मागे राहतो तो डाग. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॅटरी आणि आरसा घेऊन डाग शोध. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी कुठे दिसते? वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, ती कड बोटानं चाचप. होज पाईपच्या क्लिपा बघ. काही क्लिपा फक्त गार असतानाच गळतात. पुढच्या सीटखालचं कार्पेट दाब. ओलं, चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरचा कोअर गेला आहे. नुसतं स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं.

एवढ्यावर सापडलं नाही, तर प्रेशर टेस्टर. कॅपवर जो आकडा छापलेला असतो तितकाच दाब भर, त्यापुढे जाऊ नकोस. पंधरा-वीस मिनिटं सुई बघत थांब. गडबडीच्या गॅरेजमध्ये हे थांबणंच कुणाला जमत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक डिझेल टॅक्सी आली होती. आठवड्याला अर्धा लिटर पाणी खायची. एका ठिकाणी रेडिएटर नवा घातलेला, दुसरीकडे वॉटर पंप. आम्ही दाब दिला, सुई हळूहळू उतरली, पण बाहेर कुठेच टिपूस नाही. ऑईल साफ. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड पॅकिंगकडे बोट दाखवायला पुरावा नव्हता. मग ईजीआर कूलरचा पाईप सोडला. आतली काजळी कोरडी, भुसभुशीत असायला हवी. तिथे ती ओली होऊन चिखलासारखी बसली होती. एक्झॉस्टचा गॅस गार करणारा तो कूलर आतून फुटला होता आणि कूलंट धुरासोबत निघून जात होतं. ड्रायव्हरनं दोन पार्टचे पैसे फुकट मोजले होते. कर्जाची गाडी, घरी दोन मुलं. मला त्याचा चेहरा बघवला नाही.

हेड पॅकिंगचं निदान तर फार जपून कर. ऑईलच्या झाकणाखाली साय दिसली की लगेच ‘हेड उतरवा’ म्हणणारे पुष्कळ आहेत. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती साय नुसत्या दमटपणानंही येते. गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, तापायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होतो का? कॅप उघडी ठेवून गार इंजिन चालू केलं तर अडकलेली हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येतच राहतात का? सगळ्या प्लगांत एकच धुतल्यासारखा पांढरा आहे का? यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच हेडबद्दल बोल.

‘थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाक, गाडी थंड राहील’ असं तुला मोठे मिस्त्री सांगतील. ऐकू नकोस. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन तापमानाला येत नाही, जास्त इंधन पितं, लवकर झिजतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हळद टाकून गळती बुजवणारेही भेटतील. ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. बोअरच्या पाण्याचंही तेच, आत क्षाराचे थर चढतात. कूलंटमध्ये डिमिनरलाइज्ड पाणीच घाल, आणि काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नकोस. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

गरम इंजिनाची कॅप कुणालाही उघडू देऊ नकोस, मालक कितीही घाईत असला तरी. रस्त्यात तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पहिल्या सुरक्षित जागी गाडी उभी आणि इंजिन बंद, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांग. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते, हेही सांग.

ताई रविवारी परत निघतेय. माझ्याकडचा जादा प्रेशर टेस्टर तिच्यासोबत पाठवतोय. अडॉप्टर चार आहेत. तुझ्या गाडीच्या बाटलीची कॅप चुडीची असेल तर निळ्या खुणेचा लाव, आणि लावण्याआधी त्याच्या रबराला थोडं कूलंट चोळ. वीस मिनिटांनी सुई किती उतरली, ते मला कळव.

तुझा,
मामा