पडद्यावरील पाठ आणि पाटीवरील वजाबाकी



एका शाळेस भेट दिली असता इयत्ता तिसरीचा वर्ग टीव्हीसमोर निश्चल बसलेला आढळला. हातच्याच्या वजाबाकीची चित्रफीत चालू होती. शेरेबुकात मी समाधानाचा शेरा लिहिणार, तोच सहज पाटीवर उदाहरण सोडवावयास सांगितले: 42 मधून 17 वजा करा. बऱ्याच पाट्यांवर उत्तर आले 35. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्या अंकातून लहान काढावयाचा, एवढेच मुलांनी धरले होते. अवधान होते, अध्ययन नव्हते. आणि मीही फसलो होतो.

हाच पाठ असा घेऊन पाहावा. तुरीच्या बारीक काड्यांचे दहादहाचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. प्रथम सात काड्या मागाव्यात. सुट्या दोनच असल्याने मूल अडते. हा अडण्याचा क्षण बहुमोल होय. शिक्षकाने तो घाईने ओलांडू नये. थोड्या वेळाने कोणीतरी गठ्ठ्याचा दोरा सोडतेच. मग सुट्या होतात बारा. सात दिल्यावर उरतात पाच. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक दिला की उत्तर 25. यानंतर चित्रफीत लावावी, पण गठ्ठा सुटण्यापूर्वीच ती थांबवून विचारावे, “आता पुढे काय होईल?” पडद्यावरील गठ्ठा आपोआप सुटतो; मुलाच्या हातातील गठ्ठा त्यालाच सोडावा लागतो. भेद एवढाच, पण तो मोठा आहे.

साधन नवे म्हणून त्याज्य नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढला. कापड हेच त्यांचे साधन झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडले व 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. 10 लक्ष डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे वृत्त आपणांस ठाऊक आहेच. तथापि कन्नड घरभाषा असलेल्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातील मजकूर त्यांनी मातृभाषेत आणला, ही गोष्ट मला संकेतांइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे या संकेतांचा खरा उपयोग ऊसतोड कामगारांच्या मुलांस आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात गेलेले मूल हंगाम संपल्यावर परतते, तोवर वर्ग बराच पुढे गेलेला असतो. शक्य तेथे मुलास गावीच, नातलगांकडे वा हंगामी वसतिगृहात ठेवण्याविषयी पालकांस समजवावे. जे जातातच, त्यांच्या पुस्तकात संकेतांजवळ खूण करून द्यावी व घरच्या मोबाइलवर पाठ कसा उघडावा हे आईस दाखवावे. फडावरच्या कोपीत वीज असेलच असे नाही. म्हणून काड्यांचे गठ्ठेही दप्तरात बांधून द्यावेत.

मूल परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यास टीव्हीसमोर बसवू नये. शेजारी बसवून पाटी द्यावी, 42 मधून 17 वजा करावयास सांगावे, आणि उत्तर 35 आले तर न रागावता दोरा बांधलेला गठ्ठा त्याच्या हाती द्यावा.