डोळ्यांत तेल घालून

हिशेबाचे काम डोळ्यांत तेल घालून करावे, असे आपल्याकडे म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या कानांवर हा वाक्प्रचार पहिल्या वर्षापासूनच पडतो. पूर्वी कीर्द आणि खतावणी यांची पाने उलटताना नजर आपोआप हलत असे. आता कीर्दही संगणकात आणि खतावणीही संगणकात. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरण्याच्या ११ व २० या तारखा जवळ आल्या, की बेळगावातील एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात डोकावून पाहावे. आमच्याच वयाची मुले-मुली तासन्‌तास पडद्यासमोर बसलेली दिसतील. संध्याकाळी साऱ्यांची तक्रार एकच : डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, दूरचे अंधूक दिसते. त्यातून भीती उत्पन्न होते, की आपली दृष्टीच तर जाणार नाही ना?

ही भीती निराधार आहे. पडद्याकडे पाहिल्याने प्रौढ माणसाची दृष्टी कायमची अधू होत नाही. हा थकवा आहे, आणि त्याची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण पापणीचे. सामान्यतः आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. पडद्यावर नजर खिळली, की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा पापणी अर्धीच मिटते. आता अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. पापण्यांच्या कडांना बारीक ग्रंथी असतात. त्यांतून तेलासारखा पदार्थ पाझरतो. पापणी पूर्ण मिटली, की त्याचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि पाणी लवकर उडून जात नाही. म्हणजे डोळ्यांत तेल घालण्याची सोय निसर्गाने केलेलीच आहे! आपण पापणी मिटत नाही, म्हणून ते तेल पसरत नाही. डोळा कोरडा पडतो व चुरचुरतो. मग त्याला शांत करण्यासाठी एकदम पाणी वाहू लागते. डोळा कोरडा असूनही गळतो, तो यामुळे.

दुसरे कारण स्नायूंचे. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाची जाडी वाढवण्यासाठी एक बारीक स्नायू आवळलेला राहतो. दूर पाहिले, की तो सैल पडतो. पाण्याची कळशी उचलणे अवघड नाही, पण तीच तासभर हातात धरून उभे राहिल्यास हात भरून येतो. डोळ्याचेही तसेच होते. २० फुटांवरची वस्तू पाहताना हा स्नायू जवळजवळ विश्रांती घेतो. नेत्रतपासणीचा स्नेलेन यांचा १८६२ सालचा सुप्रसिद्ध तक्ताही याच अंतरावरून वाचण्यासाठी आहे.

कारणे कळली, की उपाय सोपे आहेत.

(१) दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद पाहावे. खिडकीबाहेरचे झाड चालेल. मोबाइल चालणार नाही. तो तर संगणकाहूनही जवळ असतो. आठ तासांच्या कामात या विश्रांतीचा एकूण हिशेब होतो अवघी आठ मिनिटे.

(२) त्याच वेळी पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात, आठ-दहा वेळा.

(३) पडदा हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली असावी. नजर खाली असली, की डोळा कमी उघडतो व कमी सुकतो. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊ नये.

(४) खिडकी पाठीमागे किंवा पडद्यामागे नको, बाजूला असावी. अक्षरे बारीक वाटल्यास पुढे वाकू नये. अक्षरेच मोठी करावीत.

(५) डोळे तपासून घ्यावेत. एरवी न जाणवणारा लहानसा नंबरही दिवसभराच्या कामात डोकेदुखी आणतो. आमच्या प्राध्यापकवर्गासाठी एक सूचना : दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी उचलावी लागत असेल, तर मानही दुखणार. संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता दोन गोष्टी पैशांच्या. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पुष्कळ विद्यार्थी खर्च करतात. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. साध्या भिंगांच्या तुलनेत या भिंगांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यात आढळले नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणून घालू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली लगेच जाते, पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. पडद्याने जे होत नाही, ते अशा थेंबांनी होऊ शकते. डोळा फार दुखला, अचानक कमी दिसू लागले किंवा लाली हटेना, तर नेत्रतज्ज्ञांकडेच जावे.

थकलेल्या नजरेला इंग्रजी ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात, शेजारचे आकडे जागा बदलतात आणि तेरीज पत्रक जुळत नाही. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली का ते पाहावे, असे आपण शिकतो. तो शोध सुरू करण्यापूर्वी २० सेकंद बाहेर पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. डोळ्यांत तेल घालणे म्हणतात, ते हेच!