पेटंट : बोलण्यातले आणि कायद्यातले

‘पेटंट’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. अमक्या सरांचा पेटंट विनोद, तमक्या काकूंची पेटंट आमटी, परीक्षेतला पेटंट प्रश्न. म्हणजे काय, तर जे सर्वांना आधीपासून पाठ आहे ते! कायद्यातला अर्थ नेमका उलटा आहे. अर्जाच्या दिवसापर्यंत जे जगात कोठेही प्रसिद्ध झालेले नाही, त्यालाच पेटंट मिळू शकते. शासकीय मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. पण तो शब्द सरकारी कागदाबाहेर फारसा आलेला नाही. आमचे कन्नड विभागातील मित्रसुद्धा ‘पेटंट’च म्हणतात, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो.

बोलण्यातला अर्थ डोक्यात ठेवून कायद्याच्या दारात गेले की काय होते, ते मी दिवाळीच्या सुट्टीत उज्जैनला पाहिले. उज्जैन ही एके काळी शिंद्यांची राजधानी. दौलतरावांनी १८१० मध्ये ती ग्वाल्हेरला हलवली, पण पुष्कळ मराठी घरे मागेच राहिली. माझ्या मामांचे घर त्यांपैकीच. मामांची मोटारसायकल दुरुस्तीला टाकायची म्हणून आम्ही आगर रोडवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. मामा त्याला ‘उस्ताद’ म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो.

माळव्याची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाऊल रुतते, मग गाडीचा साईड स्टँड का रुतणार नाही? खेड्यांतून शहरात दूध घालणारे लोक मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवतात. गाडी उभी केली, स्टँड चिखलात बुडाला, गाडी कलंडली की सकाळचे दूध गेले. उस्तादांनी यावर पहिला उपाय केला तो साधाच : स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी जाड पट्टी वेल्ड केली. रुतणे थांबले; पण स्टँड वर घेतल्यावर ती रुंद पट्टी बाहेर राही आणि गाडी डावीकडे झुकली की रस्त्याला घासे. म्हणून त्यांनी पट्टीला बिजागरी आणि एक लहान स्प्रिंग बसवली. आता स्टँड वर घेतला की पट्टी दुमडून स्टँडला चिकटते, आणि खाली सोडला की गाडीच्या वजनानेच जमिनीवर सपाट बसते. उस्ताद त्याला ‘स्टँड का जूता’ म्हणतात.

हा जूता त्यांनी दोन पावसाळे विकला. किती विकले याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. शंभराच्या वर गेले असतील असे ते म्हणतात. आता जवळच्याच एका दुकानात तसाच जूता वीस रुपये स्वस्त मिळतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर उस्ताद म्हणाले, “भैया, आप तो पढ़े-लिखे हो, इसका पेटंट करवा दो. फिर देखता हूँ कौन बनाता है.” उत्तर देण्यापूर्वी मी चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांतले आणि परत आल्यावरचे वाचन म्हणजे हा लेख.

आपला पेटंट कायदा १९७० चा आणि तो १९७२ मध्ये अमलात आला. पेटंटसाठी वस्तू किंवा प्रक्रिया नवी हवी, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारी नसावी आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. तिसऱ्या कसोटीवर जूता उत्तीर्ण. दुसरीवर वाद होईल. स्टँडखालचा रुंद पाय काही नवा नाही. लांबच्या प्रवासाच्या जड गाड्यांसाठी तसे पाय जगभर विकत मिळतात. नवे असेल ते बिजागरी आणि स्प्रिंग यांनी साधलेले दुमडणे. त्यावरही परीक्षक म्हणेल, बिजागरी जुनी, स्प्रिंग जुनी, तुम्ही फक्त शेजारी शेजारी ठेवल्या. कलम ३ प्रमाणे, ज्ञात साधने आपापले काम स्वतंत्रपणे करत असतील तर त्यांची नुसती मांडणी हा शोध ठरत नाही. उस्तादांच्या बाजूने म्हणता येईल की इथे ती स्वतंत्र नाहीत. स्प्रिंग, बिजागरी आणि गाडीचे वजन मिळून एक काम होते. निदान भांडायला जागा आहे.

पण खरी अडचण पहिल्या कसोटीची. जूता दोन वर्षे उघड विकला गेला आहे. शिवाय उस्तादांच्या मुलाने त्याची चित्रफीत मोबाईलवरून गावभर पाठवली आहे. कायद्याच्या दृष्टीने वस्तू लोकांपुढे आली, नावीन्य संपले. शोध तुमचाच, विकलाही तुम्हीच, ही सबब चालत नाही. मला सुरुवातीला हा अन्याय वाटला. मग विचार केल्यावर त्यातला व्यवहार कळला. पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातला करार आहे : तुम्ही तुमचे गुपित कागदावर पूर्ण उघड करा, आम्ही तुम्हाला वीस वर्षे इतरांना अडवण्याचा हक्क देतो. जे आधीच उघड झाले त्याच्या बदल्यात समाजाने काय म्हणून हक्क द्यावा?

या नियमाला थोडे अपवाद आहेत आणि ते आपल्या उपयोगाचे आहेत. सार्वजनिक जागी घेतल्यावाचून गत्यंतरच नाही अशी वाजवी चाचणी अर्जाच्या आधी एका वर्षाच्या आत घेतली असेल, तर कलम ३२ ती माफ करते. मोटारसायकलीचा भाग रस्त्यावरच पारखावा लागतो, त्यामुळे हे कलम मिस्त्रीच्या बाजूचे आहे. पण चाचणी म्हणजे विक्री नव्हे. दुसरा अपवाद कलम ३१ मधला : केंद्र सरकारने राजपत्रात नमूद केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर बारा महिन्यांची सवलत मिळते. आपल्याकडच्या महाविद्यालयांतील प्रकल्प-प्रदर्शने सहसा अशा यादीत नसतात. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाचे मित्र वर्षअखेरीस आपली यंत्रे टेबलावर मांडतात, पाहुणे येतात, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो आणि बक्षीस मिळते. त्या बक्षिसाबरोबर काय गेले हे त्यांना कोणी सांगत नाही. प्राध्यापकवर्गाने याकडे लक्ष द्यावे अशी माझी नम्र विनंती आहे.

आता समजा, पेटंट मिळाले. मग तरी ‘देखता हूँ कौन बनाता है’ असे म्हणता येते का? याचे उत्तर पुण्याच्या बजाज ऑटोच्या प्रकरणात आहे. मोटारसायकलीच्या एका भागावरून भारतात झालेला हा सर्वांत गाजलेला पेटंट-खटला म्हणता येईल.

बजाजने १६ जुलै २००२ रोजी चार स्ट्रोकच्या सुधारित इंजिनासाठी अर्ज केला आणि ७ जुलै २००५ रोजी त्यांना १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पल्सरवर आपण ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे वाचतो ती याच तंत्राची. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग ही कल्पना मुळात जुनी. विमानांच्या इंजिनांत ती कितीतरी आधीपासून आहे. बजाजचे म्हणणे असे की ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरमध्ये, कमी पेट्रोल आणि जास्त हवा अशा मिश्रणासाठी, दोन प्लगांची ही रचना आम्ही प्रथम केली. पुढे २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीने ‘फ्लेम’ नावाची १२५ सीसीची गाडी आणली. तिलाही दोन प्लग होते, मात्र व्हॉल्व्ह तीन. टीव्हीएसने बजाजचे पेटंट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला, होंडाच्या अमेरिकेतील जुन्या पेटंटकडे बोट दाखवले, आणि आपले इंजिन ऑस्ट्रियातील एव्हीएल या संस्थेच्या तंत्रावर आहे असे सांगितले.

मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. टीव्हीएसने फ्लेम एकाच प्लगवर बाजारात आणली. मे २००९ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने मनाई उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितले, आणि असे खटले रोजच्या रोज चालवून साधारणतः चार महिन्यांत निकाली काढावेत असे सर्व न्यायालयांना बजावले. ध्यानात घ्या, इथवरचा सारा झगडा फक्त ‘निकाल लागेपर्यंत विकू द्यायचे की नाही’ एवढ्यावर होता! शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी कळल्या. पेटंट मिळाले म्हणजे ते पक्के, असे कायदाच म्हणत नाही. कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की सरकार त्याच्या वैधतेची हमी घेत नाही. आणि पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा परवाना नसून दुसऱ्याला अडवण्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आहे. जायचे कोणी आणि कोणाच्या खर्चाने? ज्याचे त्याने.

इथे आमचा विषय सुरू होतो. सध्याच्या दरपत्रकाप्रमाणे व्यक्तीने ऑनलाईन अर्ज केला तर १६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीसाठी ४००० रुपये पडतात. पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण : सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८००, दहाव्यापर्यंत २४००, पंधराव्यापर्यंत ४८०० आणि विसाव्यापर्यंत ८०००. ही बेरीज ७६,८०० रुपये. वरचे ५६०० धरून ८२,४०० रुपये. उस्तादांना एका जूत्याला साहित्य आणि वेल्डिंग मिळून १३० रुपये पडतात आणि ते २५० ला विकतात, म्हणजे नगामागे १२० सुटतात. ब्रेक-इव्हन पॉइंट ६८७ नग. वीस वर्षांत हे अशक्य मुळीच नाही, आणि मधेच धंदा बसला तर नूतनीकरण सोडून देता येते. पण यात पेटंट एजंटची फी नाही, वकिलाची तर नाहीच. सरकारी फी मिस्त्रीच्या आवाक्यात आहे. आवाक्याबाहेर आहे ते भांडण.

आणखी दोन कायदे आहेत. २००० च्या डिझाईन कायद्याने वस्तूच्या केवळ दिसण्याला संरक्षण मिळते. पेट्रोलच्या टाकीचा आकार हे चांगले उदाहरण. व्यक्तीसाठी फी १००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच. पण नुसत्या यांत्रिक युक्तीला तो लागू नाही, आणि आधी प्रसिद्ध झालेल्या आकारालाही नाही, म्हणून जूता इथेही बाद. उरतो ट्रेडमार्क. त्याला जुनेपणाची आडकाठी नाही, उलट वापर जितका जुना तितका दावा बळकट. वाहनांचे भाग बाराव्या वर्गात येतात, व्यक्तीला ऑनलाईन फी ४५०० रुपये, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत तो कितीही काळ टिकतो. मात्र ‘जूता’ हा शब्द त्या वस्तूचे वर्णनच आहे, तो एकट्याला मिळणे अवघड. वेगळे नाव किंवा खूण पट्टीवर ठोकावी लागेल. शेजारचा दुकानदार पट्टी बनवू शकेल, पण ती खूण ठोकू शकणार नाही. दूधवाल्यांचा विश्वास उस्तादांच्या हातावर आहे, तेव्हा हा सौदा मला सर्वांत फायद्याचा वाटला आणि मी त्यांना तसे सांगितले. ते नाराज झाले. त्यांना पेटंटच हवे होते.

रस्त्यावर वापरायची परवानगी हा तर निराळाच प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मन मानेल तसे बदल करण्यावर बंधन घातले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले. उद्या कोणी आवाज करणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले तरी पोलीस त्याला सोडणार नाहीत. पेटंट कार्यालय नावीन्य तपासते. सुरक्षितता तपासण्याचे काम पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणीसंस्थांचे.

एक दार मात्र उघडे आहे. बिजागरीत चिखल अडकून पट्टी दुमडेनाशी होते, ही जूत्याची मोठी तक्रार. उस्तादांनी त्यावर एक उपाय काढला आहे. त्यांनी तो मला दाखवला, अजून कोणाला विकलेला नाही. झालेल्या सुधारणेवर स्वतंत्र पेटंट मागता येते. तो उपाय कोणता हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल, पण मी लिहिणार नाही. आपले हे वार्षिक कायद्याच्या भाषेत ‘प्रकाशन’ आहे, आणि विद्वत्सभेचे मुखपत्र म्हणून त्याला बारा महिन्यांची सवलत मिळेल असे मला वाटत नाही.

अशा वेळी करायचे ते काम छोटे आहे. वस्तू पूर्ण पक्की झालेली नसली तरी तात्पुरते विवरण, म्हणजे प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, दाखल करता येते. त्या दिवसाची तारीख आपली होते आणि पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. तेवढ्यात एक पावसाळा हाती लागतो : गिऱ्हाईक, चुका, दुरुस्त्या सगळे कळते, आणि पुढचा खर्च करायचा की नाही हे हिशेब मांडून ठरवता येते. उज्जैनचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो. आपल्या उद्यमबागेतल्या कारखानदाराचा किंवा लेथवर काम करणाऱ्या कारागिराचा चेन्नईच्या. दोन्हीकडे ऑनलाईन चालते, फॉर्म क्रमांक १ आणि २ लागतात, आणि अर्जाची पोच मिळेपर्यंत मोबाईल खिशातच ठेवावा.