पाच मशिन्स, एक बोर्ड

मित्रहो, बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी लॅबमधले दोन जुने पीसी आणि वर्गणी काढून घेतलेले तीन रास्पबेरी पाय ४ जोडून एक क्लस्टर उभारला. त्यावर कुबरनेटिस टाकलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ साली खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर चालवायचा ते ठरवतं. आम्हाला वाटलं, आता पाच मशिन्स म्हणजे एकच मोठं मशीन! तसं नसतं, हे दोनदा ठेच लागल्यावर कळलं.

पहिली ठेच प्रोसेसरची. पीसीवर बनवलेली इमेज पायवर गेली की कंटेनर लगेच मान टाकायचा. लॉगमध्ये एकच ओळ : 'एक्झेक फॉरमॅट एरर'. पीसीचा प्रोसेसर एक्स ८६, पायचा आर्म. दोघांचा मशीन कोड वेगळा. कंटेनर लायब्रऱ्या सोबत आणतो, प्रोसेसर आणत नाही. शिवाय शेड्यूलर मोकळी मेमरी बघतो, पण इमेज कुठल्या आर्किटेक्चरची आहे हे आपणहून बघत नाही. उपाय दोन. बिल्डएक्स वापरून दोन्ही प्रकारच्या इमेज एकाच नावाखाली ठेवा, म्हणजे प्रत्येक मशीन आपापली उचलतं. नाहीतर नोडवर आर्किटेक्चरचं लेबल असतंच. नोड सिलेक्टर लावून पॉडला योग्य मशीनवरच पाठवा.

दुसरी ठेच मोठी. चार महिन्यांची तापमानाची मोजमापं आम्ही सेफ या स्टोरेजमध्ये ठेवली होती. तिन्ही पायना एकेक एसएसडी आणि प्रत्येक डेटाच्या तीन प्रती. इथे आर्म की एक्स ८६ याने फरक पडत नाही. कुठली प्रत कुठे, हे 'क्रश' नावाचा अल्गोरिदम गणिताने काढतो. नावातच सेफ, मग काळजी कसली?

डेमोच्या आदल्या रात्री एक्स्टेन्शन बोर्ड जळला आणि दोन पायचे अ‍ॅडॉप्टर घेऊन गेला. तीनपैकी एकच प्रत उरली. मॉनिटरचं बहुमत पीसींवर होतं म्हणून टिकलं, पण वाचणं-लिहिणं दोन्ही ठप्प! मोबाइलचे चार्जर लावून पाहिले, पुरेनात.

"अरे, मिन साइज दोनची एक कर, लगेच चालू होईल," एक जण म्हणाला. हात शिवशिवत होते. पण मग नवीन डेटा एकाच डिस्कवर जाणार, आणि तीही गेली तर तो कायमचा गेला. सेफ बिघडलं नव्हतं, आपला डेटा जपण्यासाठीच थांबलं होतं. आम्हीही देव पाण्यात घालून थांबलो. सकाळी बाजार उघडताच अ‍ॅडॉप्टर आणले, प्रती जुळल्या, डेमो झाला.

लॅबच्या मामांनी मात्र नेमकं बोट ठेवलं : "दोन डबे एकाच बोर्डावर कशाला लावले रे पोरांनो?"

खरंच की! सेफचा नेहमीचा नियम 'होस्ट' पातळीचा असतो, म्हणजे एका मशीनवर दोन प्रती नकोत. बोर्ड त्याला कुठे दिसतो? पण क्रशच्या नकाशात वीजपुरवठ्यासाठी 'पीडीयू' ही पातळी आधीपासून आहे. मग आम्ही दोन्ही पीसींनाही डिस्क लावल्या, तीन वेगळे बोर्ड केले, ते नकाशात मांडले आणि नियम बदलला : एका बोर्डावर एकच प्रत.

तेव्हा मित्रहो, क्लस्टर मशिन्स झाकतो, नाहीशी करत नाही. प्रोसेसर कुठला, वायर कुठे जाते, हे त्याला आपणच सांगायचं असतं. आणि प्रोजेक्ट सुरू करण्याआधी एकदा मामांना विचारायचं!