त्रिकोणाचे बळ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पावसाळ्यात तिला मिळणारे ओढेनाले दुथडी भरून वाहू लागले, की कित्येक खेड्यांच्या वाटा बंद होतात. पलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर असते; पण मध्ये पाणी असते! अशा नाल्यावर पोलादी दांड्यांचा लहानसा पूल बांधावयाचा झाल्यास अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रथम त्याची प्रतिकृती तयार करतो.

बांबूच्या चार सारख्या कामट्यांचा चौकोन करा व प्रत्येक कोपऱ्यात एकेक टाचणी टोचा. बाजूने दाबताच चौकोन कलतो. आता तीन कामट्यांचा त्रिकोण करा. कामटी वाकल्यावाचून किंवा मोडल्यावाचून त्याचा आकार बदलत नाही. घराच्या छपराखालील कैची याच गुणामुळे भार पेलते. असे त्रिकोण एकापुढे एक जोडले, म्हणजे कैचीचा पूल होतो.

या त्रिकोणात प्रत्येक दांडीचे काम निराळे असते. समभुज त्रिकोण गुळगुळीत आधारांवर उभा करून त्याच्या शिरोबिंदूला १० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर प्रत्येक तिरप्या कामटीवर सुमारे ५.८ किलोग्रॅम दाब येतो आणि तळाच्या कामटीवर सुमारे २.९ किलोग्रॅम ताण पडतो. तळाच्या कामटीऐवजी मजबूत दोरा बांधला, तरी त्रिकोण उभा राहतो. तिरप्या कामटीऐवजी दोरा बांधला, तर तो तत्काळ कोसळतो. दोरा ताण सोसतो, दाब सोसत नाही. लांब, बारीक दांडीही दाबाखाली वाकते. तीच दांडी निम्म्या लांबीची केली, तर वाकण्यापूर्वी ती चौपट दाब सोसते.

परंतु प्रतिकृती टिकली, म्हणून मोठा पूल टिकेलच असे नाही. प्रत्येक माप दुप्पट केले, तर पुलाचे वजन आठपट होते. दांड्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते. म्हणून पुलाच्या स्वतःच्या वजनाचाही हिशेब चोख ठेवावा लागतो.

हा हिशेब चुकला, तर काय घडते ? कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक येथे प्रचंड पोलादी पूल बांधला जात होता. त्याचे वजन प्रत्यक्षापेक्षा कमी धरले गेले होते. दाब सोसणाऱ्या दांड्या वाकू लागल्याचे दिसले होते. तरीही काम वेळीच थांबले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला व ७५ कामगार मृत्युमुखी पडले.

कागदावरील एक आकडा म्हणजे कोणाचा तरी जीव असतो. टेबलावर मोडलेली कामटी पुन्हा जोडता येते. नाल्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पायांखालचा पूल मोडून चालत नाही.

शब्दार्थ
दुथडी – दोन्ही काठ भरून. कामटी – बांबूची चिरलेली पट्टी. कैची – छपराला आधार देणारी त्रिकोणी चौकट.

स्वाध्याय
१. चौकोन कलतो, पण त्रिकोण का कलत नाही ?
२. ताण व दाब यांतील फरक दोऱ्याच्या प्रयोगावरून सांगा.
३. कामट्यांचा चौकोन न कलावा, म्हणून काय कराल ? करून पाहा.