ऐकणे आणि शिकणे : वर्गातला पॉडकास्ट



पॉडकास्ट हा शब्द आता शाळांतूनही ऐकू येतो. पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. रेडिओ ठरलेल्या वेळीच ऐकावा लागतो. पॉडकास्ट फोनवर आधी उतरवून ठेवता येतो, हवा तेव्हा लावता येतो, मध्येच थांबवता येतो. २०२० साली केंद्र सरकारच्या ‘पीएम ई-विद्या’ कार्यक्रमात सीबीएसईच्या ‘शिक्षा वाणी’ या पॉडकास्टचाही समावेश झाला. एखाद्या तज्ज्ञाचा आवाज खेड्यातल्या वर्गातही पोहोचू शकतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो आवाज लावला म्हणजे शिकवणे झाले का? याचा आपण थोडा विचार करू या.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या ‘फिड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दाविषयी एक तक्रार करतो. त्याला प्रश्न विचारला, तर तो पुन्हा तेच सांगतो. आणि समोर कोण आहे, हे त्याला कळत नाही. ध्वनिमुद्रणाचेही तसेच आहे. वर्गातल्या तीन मुलांना अपूर्णांक समजला नाही, हे फोनला कळणार नाही. बाईंना मात्र त्या मुलांचे चेहरे पाहून ते कळते. म्हणून पॉडकास्ट आला तरी शिक्षकाची जागा रिकामी होत नाही.

१९७० च्या दशकात निकाराग्वा या देशात प्राथमिक शाळांसाठी रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यात प्रश्न विचारल्यावर आवाज थोडा वेळ थांबे आणि मुले मोठ्याने उत्तर देत. मुलांना बोलायला मिळालेली ती जागा महत्त्वाची होती. तीच जागा आपल्याला पॉडकास्टमध्ये स्वतः करावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात :

१. ऐकण्याआधी : फळ्यावर एकच प्रश्न लिहावा. काय शोधायचे हे ठाऊक असले, की कान जागे राहतात.

२. ऐकताना : दोन-तीन मिनिटांनी थांबवावे. ‘आतापर्यंत काय कळले?’ असे शेजारच्याला सांगायला लावावे. अवघड भाग पुन्हा लावावा.

३. ऐकल्यावर : प्रत्येकाने एक कळलेली आणि एक न कळलेली गोष्ट लिहावी. उद्याचा पाठ त्या न कळलेल्या गोष्टीपासून सुरू करावा.

वाचन कच्चे असलेल्या किंवा दृष्टी अधू असलेल्या मुलाला पॉडकास्टचा मोठा आधार होतो. पण ज्याला ऐकू कमी येते, तो मागे पडू नये म्हणून त्याच्या हाती तोच मजकूर लिहून द्यायला हवा.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुलांनी स्वतः पॉडकास्ट तयार करणे. आपल्या वसईत सामवेदी बोली बोलणारे, विहिरीवरची शेती पाहिलेले, सुकेळी कशी करतात हे सांगू शकणारे आजी-आजोबा अजून घराघरांत आहेत. मुलांनी पाच प्रश्न काढावेत, त्यांची परवानगी घेऊन बोलणे फोनवर मुद्रित करावे आणि वर्गात ऐकवावे. प्रश्न काढताना मूल विचार करते, ऐकताना धीर शिकते, निवड करताना महत्त्वाचे कोणते हे ठरवते. लाजरे मूलही इथे बोलते, कारण चुकले तर पुन्हा म्हणता येते. आणि जी बोली शाळेत मागच्या बाकावर बसत होती, तिला वर्गात मानाची जागा मिळते. मात्र मुलांची नावे व आवाज पालकांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर टाकू नयेत.

ही माणसे आणि त्यांचे शब्द कायम आपल्याजवळ राहणार नाहीत. सुट्टीची वाट न पाहता याच आठवड्यात सुरुवात करू या.

घरी बोलण्यासाठी :
• आपले मूल जे ऐकते, त्याविषयी आपण त्याला एक तरी प्रश्न विचारतो का?
• आपल्या घरातील कोणाचे बोलणे आपण अजून नीट ऐकलेले नाही?